व्हिडिओच तेवढा अडकतो: मोबाइल लाईन तपासल्याच्या सहा आठवड्यांच्या नोंदी

या नोंदी मी त्या त्या रात्री लिहिल्या; नंतर फक्त शुद्धलेखन सुधारलं आणि पुढे काय झालं याच्या एक-दोन ओळी घातल्या. चुकलेले अंदाजही तसेच ठेवलेत, कारण निम्मा वेळ त्यांच्यातच गेला. ‘माझी कंपनी एखादी विशिष्ट सेवा मुद्दाम हळू करते आहे का?’ हे कुणाला तपासायचं असेल तर माझे वाया गेलेले तास त्याचे तरी वाचावेत. हिशेब तासांत आणि जीबीत दिलाय.

शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५

गेले महिनाभर व्हिडिओ अडकतोय. मेल येतात, मोठ्या फाइली झरझर उतरतात, स्पीड टेस्ट छाती ठोकून ४१ एमबीपीएस सांगते, आणि व्हिडिओ मात्र गोल गोल फिरत बसतो. घरात दोन जोडण्या आहेत, एक फायबर आणि एक मोबाइलचा हॉटस्पॉट. त्रास दोन्हीवर, फायबरवर जास्त करून संध्याकाळी.

कंपन्या व्हिडिओ दाबताहेत, हे मी आज मनात पक्कंच करून टाकलं. नेट न्यूट्रॅलिटीबद्दल (कंपनीने सगळ्या सेवांना सारखंच वागवावं, हे तत्त्व) इतकं वाचलंय की दुसरं काही सुचलंच नाही. म्हणजे चोर कोण ते आधी ठरलं आणि मग मी पुरावा शोधायला निघाले.

दिवसभरात बावीस वेळा स्पीड टेस्ट केली आणि आकडे वहीत लिहिले. सगळ्यात कमी १८, सगळ्यात जास्त ६१. यातून काय काढायचं ते कळेना. वेळ: चार तास.

रविवार, ५ ऑक्टोबर

कालचे सगळे आकडे फुकट. मी ते वायफायवर घेतले होते, कधी हॉलमधून, कधी आतल्या खोलीतून. लॅपटॉप राउटरला केबलने जोडला आणि फायबरचा आकडा ९४ वर खिळून बसला, जराही हलेना. १८ आणि ६१ मधला फरक कंपनीचा नव्हता, माझ्या भिंतींचा होता.

मग ९४ च का, ९५ किंवा ९३ का नाही? केबल जुनी निघाली, १०० एमबीपीएसच्या पुढे जातच नव्हती. केबल बदलल्यावर प्लॅनचा पूर्ण वेग आला. तपासणी सुरू करण्याआधीच घरातले दोन दोष सापडले. ज्यांना ही भानगड करायचीय त्यांनी आधी केबल, मगच बाकी सगळं. मोबाइलला केबल लावता येत नाही, म्हणून तिथे फोन यूएसबीने लॅपटॉपला जोडायचा (टेदरिंग) आणि फोन एकाच जागी, खिडकीशी ठेवायचा. मी टेबलावर पट्टी चिकटवून जागा आखून घेतली.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

स्पीड टेस्टवरचा विश्वास आज उडाला. ती जवळचा सर्व्हर आपोआप निवडते, आणि मला निवडून दिलेला सर्व्हर माझ्याच कंपनीच्या जाळ्याच्या आत बसलेला. घरापासून कंपनीच्या दारापर्यंतचा रस्ता मोकळा आहे, एवढंच त्यातून कळतं. दाराबाहेर काय चाललंय याचा त्यात पत्ता नाही.

त्याऐवजी एम-लॅब या इंटरनेट मोजणाऱ्या खुल्या प्रकल्पाची एनडीटी ही वेगाची चाचणी वापरली. एम-लॅब २००९ पासून चालू आहे. त्यांचे सर्व्हर मुद्दाम ग्राहकाच्या कंपनीच्या जाळ्याबाहेर ठेवलेले असतात आणि जमलेली मोजमापं सगळ्यांसाठी खुली असतात. रात्री नऊ वाजता फायबरवरचा आकडा एकदम निम्म्यावर आला, सकाळी सातला पुन्हा पूर्ण. म्हणजे संध्याकाळी काहीतरी होतंय हे खरं. काय, ते अजून नाही कळलं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

सगळ्यात महागडी चूक आज केली.

रात्री साडेनऊला फायबरवर व्हिडिओ अडकला, मी व्हीपीएन (सगळा डेटा मधल्या दुसऱ्या सर्व्हरमार्फत, कुलूपबंद नेणारी सोय) चालू केलं आणि तो सुरळीत धावायला लागला. बंद केलं की अडकला, चालू केलं की धावला. पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा तेच. आनंदाच्या भरात कंपनीला लांबलचक मेल लिहून पाठवलासुद्धा. त्यात ‘गळचेपी’ हा शब्द तीनदा होता.

मग नेटवर्कमध्ये काम करणाऱ्या मित्राला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “अगं, व्हीपीएन लावल्यावर तुझी पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे, वेगळ्याच रस्त्याने गेली. रस्ता बदलला की वेग बदलणारच. यात कंपनीने व्हिडिओ ओळखून दाबला, हे कुठून आलं?”

त्याचं बरोबर होतं. दोन जाळी एकमेकांना जिथे जोडलेली असतात ती जोडणी भरली, की त्या वाटेने जाणारं सगळंच अडकतं. अमेरिकेत २०१३-१४ मध्ये याच जोडण्यांवरून मोठं भांडण झालं होतं. तेव्हाही लोक व्हीपीएन लावायचे, नेटफ्लिक्स धावायला लागायचं आणि ‘बघा, दाबताहेत’ म्हणायचे. प्रत्यक्षात जोडणीची क्षमता कोणी आणि कोणाच्या पैशाने वाढवायची यावर कंपन्या अडून बसल्या होत्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये नेटफ्लिक्सने कॉमकास्ट या तिथल्या इंटरनेट कंपनीला पैसे देऊन थेट जोडणी घेतली. तोही अन्यायच म्हणायला जागा आहे, पण तो वेगळा मुद्दा आणि त्याचा पुरावाही वेगळा.

माझ्या मेलला दोन दिवसांत उत्तर आलं, ‘आमच्याकडून कोणतीही अडचण दिसत नाही.’ एकदा उतावीळ म्हणून नाव पडलं की पुढचं पत्र कोण वाचतंय?

शनिवार, ११ ऑक्टोबर

आज वीही वापरलं. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात डेव्हिड चॉफ्नेस यांच्या गटाने बनवलेलं हे ॲप आहे. २०१८ च्या जानेवारीत ॲपलने ते आधी नाकारलं होतं, बोंबाबोंब झाल्यावर घेतलं.

त्याची युक्ती मला फार आवडली. एखाद्या व्हिडिओ सेवेची आधी नोंदवून ठेवलेली रहदारी (म्हणजे डेटाची ये-जा) ते त्यांच्या सर्व्हरवरून तुमच्याकडे पुन्हा वाजवतं. मग तीच रहदारी आतली माहिती उलटसुलट करून, म्हणजे ओळखू येणार नाही अशी करून, पुन्हा पाठवतं. सर्व्हर तोच, आकार तोच, रस्ताही तोच. फरक एकच, पहिली ओळखता येते आणि दुसरी येत नाही. वेगात ठळक फरक पडला तर मधे कोणीतरी ओळखून वागतंय. माझ्या व्हीपीएनच्या प्रयोगात नेमकं हेच नव्हतं.

निकाल असा. फायबरवर सहा सेवा तपासल्या, एकीतही फरक नाही. मोबाइलवर पाच सेवा ठीक, आणि एका व्हिडिओ सेवेला मोठा फरक.

म्हणजे ज्या कंपनीला मी तावातावाने मेल पाठवला ती निर्दोष. तिच्याकडे संध्याकाळी गर्दी होते आणि गर्दीत सगळ्यांचाच वेग सारखा घसरतो. वाईट सेवा म्हणा, पण भेदभाव नाही. फायबरवाल्यांना दोन ओळींचं माफीपत्र पाठवलं. त्याला उत्तर आलं नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

आता सगळं लक्ष मोबाइलवर. उत्साहाच्या भरात काल रात्री एक स्क्रिप्ट (आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम) लावून दिली, दर पाच मिनिटांनी वेग मोजणारी, आणि झोपून गेले.

दिवसाला २८८ चाचण्या, एकेकीला सुमारे ५० एमबी. गुणाकार मी झोपण्याआधी करायला हवा होता. आज रात्री उशिरापर्यंत साडेबारा जीबी उडाले होते आणि डेटाची मर्यादा ओलांडल्याने सगळंच कासवगतीने चाललं होतं. आणि अर्धा तास मी त्या कासवगतीलाच ‘पुरावा’ समजत होते! मर्यादा संपल्यावर सगळ्याचाच वेग सारखा कमी होणं हा प्लॅनचा करार आहे. त्यात कोणाला डावं-उजवं केलेलं नाही. वेगळं डेटा पॅक घेतलं, तीन दिवस थांबले.

बुधवार, १५ ऑक्टोबर

वीहीच्या एका निकालावर पत्र लिहायचं नाही, हे मित्राने बजावलंय. ‘ते त्यांच्या सर्व्हरवरचं आहे, आमच्याकडचं नाही’ असं कंपनी म्हणेल. म्हणून स्वतःचा छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. सगळ्यात स्वस्त, एका कोअरचा. त्यावर एनजिनएक्स (वेब सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) बसवलं आणि एक जीबीची एक फाइल ठेवली.

यातली मेख अशी. एचटीटीपीएसमध्ये (साइटशी कुलूपबंद बोलण्याची नेहमीची पद्धत) आतला मजकूर बंद पाकिटात असतो, पण सुरुवातीच्या रामरामात साइटचं नाव उघडं जातं. त्याला एसएनआय म्हणतात. पाकीट बंद, पत्ता मात्र बाहेर लिहिलेला. मधली यंत्रं तो पत्ता वाचून ठरवतात. मग मी माझ्याच सर्व्हरकडे जाताना पाकिटावर त्या व्हिडिओ सेवेचं नाव घातलं तर?

कर्ल या फाइली उतरवणाऱ्या साधनात ‘रिझॉल्व्ह’ नावाचा पर्याय आहे. त्याने कर्लला सांगता येतं की अमुक नावाचा पत्ता म्हणजे हाच आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता), बाहेर विचारत बसू नकोस. साइटची ओळख पटवणारं प्रमाणपत्र अर्थातच जुळत नाही, म्हणून ‘इनसिक्युअर’ हाही पर्याय द्यावा लागतो. तर एक फेरी व्हिडिओ सेवेच्या नावाने, एक फेरी मी बनवलेल्या निरर्थक नावाने. फाइल तीच, सर्व्हर तोच, पोर्ट (सर्व्हरवरचं दार) तोच, ४४३.

रात्री अकराला पहिली जोडी चालवली. प्रत्येकी दहा सेकंद.

व्हिडिओचं नाव: ३६ एमबीपीएस. निरर्थक नाव: ३७.

काहीच फरक नाही. सर्व्हर उभा करण्यात गेलेले पाच तास आठवत झोपले.

शनिवार, १८ ऑक्टोबर

दोन दिवस वीही बरोबर की मी बरोबर याच घोळात गेले. टीएलएसची, म्हणजे एचटीटीपीएसच्या कुलपाची, आवृत्ती बदलून पाहिली. १.२ मध्ये सर्व्हरचं प्रमाणपत्रही उघडं जातं आणि त्यावर माझं खरं नाव होतं, म्हणून यंत्राला शंका आली असेल असं वाटलं. १.३ वर आणलं. फरक नाही. पोर्ट बदलला, ब्राउझरची ओळख बदलली. तरी तेच.

शेवटी कंटाळून एक फेरी चालू सोडली आणि पाणी आणायला उठले. परत आले तेव्हा वेग ४ होता.

रविवार, १९ ऑक्टोबर

आज दर सेकंदाचा वेग नोंदवला. व्हिडिओच्या नावाची एक फेरी जशीच्या तशी:

३४, ३७, ३६, ३६, ३७, ३५, ३७, ३६, ३६, ३७, ३६, १९, ४.२, ४.०, ४.१, ४.०, ४.०, ४.१…

आणि पुढे मिनिटभर ४. आलेख काढला तर डोंगराचा कडा आणि त्याखाली सपाट माळरान. निरर्थक नावाची फेरी त्याच वेळी ३० ते ३८ मध्ये वरखाली होत राहिली, जशी कुठलीही खरी रहदारी होते. त्या सपाटपणानेच मला जास्त खात्री दिली. गर्दी अशी पट्टी लावून आखल्यासारखी नसते.

सुरुवातीला साधारण पन्नास एमबीची मोकळीक, मग टोपी, म्हणजे वेगावरची मर्यादा. वेग आवळण्याची ही जुनीच पद्धत आहे, टोकन बकेट म्हणतात तिला. माझी चाचणी दहा सेकंदांची होती आणि मोकळीक अकरा सेकंद पुरत होती. एका सेकंदासाठी तीन दिवस गेले.

सर्व्हरच्या बाजूलाही पाहिलं. निरर्थक नावाच्या फेरीत पुन्हा पाठवावी लागलेली पॅकेटं ४०च्या आसपास, व्हिडिओच्या नावाच्या फेरीत दोन हजारांजवळ. म्हणजे जास्तीची पॅकेटं रांगेत न ठेवता सरळ टाकून दिली जात होती. व्हिडिओ अडकतो तो याच्यामुळे. प्लेअर मोकळिकीच्या भरवशावर उंच दर्जा निवडतो, तेवढ्यात कडा येतो.

सोमवार, २० ऑक्टोबर

छोटी पण बोचणारी चूक. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), लॅपटॉपचं इथल्या वेळेवर. दोन्हीकडच्या नोंदी जुळवताना साडेपाच तासांनी चुकीच्या फेऱ्या एकमेकींशेजारी बसवत होते. दोन्ही यूटीसीवर आणली. दोन तास गेले.

बुधवार, २२ ऑक्टोबर

मित्राने दोन हरकती घेतल्या, दोन्ही रास्त.

पहिली: व्हिडिओ सेवेचं नाव प्रसिद्ध, माझं नाव कोणालाच माहीत नाही. कदाचित कंपनी सगळ्याच प्रसिद्ध नावांना टोपी लावत असेल. म्हणून तिसरं नाव आणलं, तितक्याच मोठ्या पण व्हिडिओशी संबंध नसलेल्या एका साइटचं. त्या नावाला टोपी नाही. म्हणजे निवड व्हिडिओचीच.

दुसरी: फोनवरची ॲप्स बहुतेक वेळा क्विक या नव्या पद्धतीने बोलतात, म्हणजे यूडीपीवर (डेटा पाठवायच्या यूडीपी आणि टीसीपी या दोन वेगळ्या रीती). माझं सगळं मोजमाप टीसीपीचं. क्विक चालणारं कर्ल तयार मिळालं नाही म्हणून स्वतः बांधायला घेतलं आणि चार तास त्यात गेले (लायब्ररीची आवृत्ती जुळेना, ओरडून ओरडून सांगत होती आणि मी वाचत नव्हते). क्विकमध्ये ते पहिलं पॅकेटसुद्धा कुलपात असतं, पण किल्ली त्याच पॅकेटमधल्या माहितीवरून कोणालाही बनवता येते. त्यामुळे नाव वाचणाऱ्याला ते वाचता येतंच. निकाल: क्विकवरही ४.०.

शनिवार, २५ ऑक्टोबर

आठवडाभराची मोजणी आजपासून. रचना लिहून ठेवते, कारण इथेच बहुतेकांचा घोळ होतो.

एका फेरीत तीन नावं, एकामागोमाग एक, क्रम दर वेळी चिठ्ठी टाकून. आधी मी सकाळी सगळी व्हिडिओची आणि दुपारी सगळी निरर्थक नावाची घेणार होते. तसं केलं तर फरक नावाचा की वेळेचा ते कधीच कळत नाही. प्रत्येक चाचणी ४० सेकंद, त्यातली पहिली २० सेकंद सोडून द्यायची. दिवसाला चार फेऱ्या, त्यातली एक पहाटे तीनला. फेरीला साधारण चारशे एमबी, आठवड्याला अकरा-बारा जीबी. या वेळी गुणाकार आधी केला.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

मधेच हात शिवशिवले. बीबीआर (किती वेगाने पाठवायचं ते सर्व्हर ज्यावरून ठरवतो ती एक पद्धत; नेहमीची क्युबिक) लावलं की सर्व्हर पॅकेट हरवण्याला कमी घाबरतो आणि आलेख स्वच्छ येतो, असं कुठेतरी वाचलं आणि बदललं. आलेख स्वच्छ आले खरे, पण आता आधीचे तीन दिवस आणि पुढचे दिवस एकमेकांशी जुळेनात. बीबीआर काढलं, क्युबिक परत लावलं, आजचा दिवस रद्द केला आणि मोजणी एक दिवस वाढवली. मोजणी चालू असताना काहीही सुधारायला जायचं नाही, अगदी चूक दिसली तरी. चूक वहीत लिहायची.

मित्र म्हणतो, एवढं सगळं कशाला, व्हीपीएन लाव आणि मोकळी हो. माझ्यापुरतं ते खरं आहे. पण हाच प्लॅन आत्याकडेही आहे. तिला काय व्हीपीएन शिकवू? आणि मुळात ज्या जोडणीचे पैसे भरलेत तिच्यावर काय पाहायचं ते लपवून का पाहायचं?

शनिवार, १ नोव्हेंबर

मोजणी संपली. सात दिवस, २८ फेऱ्या. व्हिडिओचं नाव: सगळ्यात कमी ३.९, सगळ्यात जास्त ४.२. निरर्थक नाव: २१ ते ३८. तिसरं नाव: २० ते ३८. पहाटे तीनच्या फेऱ्यांतही व्हिडिओ ४ वरच. ‘गर्दीच्या वेळी नियोजन’ हे उत्तर मला येणारच होतं, म्हणून ते पहाटेचे गजर लावले होते.

आज दिवसभर नियम वाचले. पत्रात कुठला शब्द वापरायचा ते देशावर ठरतं, एका देशाचा कायदा दुसऱ्या देशातल्या पत्रात चिकटवून उपयोग नाही. युरोपीय संघात २०१५ चा २१२० क्रमांकाचा नियम आहे. रहदारीचं नियोजन करता येतं, पण ते व्यापारी हेतूने नको, गरजेपेक्षा जास्त काळ नको, आणि मजकूर तपासत बसणं नको. अमेरिकेत २०१५ ला नियम आले, २०१७ च्या डिसेंबरमध्ये काढायचं ठरलं, २०२४ ला परत आणले, आणि २ जानेवारी २०२५ ला अपील न्यायालयाने रद्द केले. कॅलिफोर्नियासारख्या राज्याचा २०१८ चा स्वतःचा कायदा मात्र उभा आहे. तिथे राहणाऱ्यांनी राज्याचा कायदा पाहावा.

भारतात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात, मीही करत होते. ८ फेब्रुवारी २०१६ चा ट्रायचा (दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा) नियम दरांबद्दल आहे. मजकूर पाहून वेगवेगळे दर लावता येणार नाहीत, असं तो म्हणतो. फेसबुकची ठरावीक साइट फुकट देणारी फ्री बेसिक्स योजना त्याच्याचमुळे बंद पडली. आधीच्या वर्षी दहा लाखांहून जास्त लोकांनी ट्रायला मेल पाठवले होते, त्यात एक माझाही होता, तयार मजकूर चिकटवलेला. माझी तक्रार दराची नाही, वेगाची आहे. त्यासाठी जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने मान्य केलेली तत्त्वं आणि त्यावरून परवान्यात घातलेली अट लागू पडते. मजकूर अडवणं, खालावणं, हळू करणं किंवा कोणाला जास्तीचा वेग देणं, या सगळ्याला त्यात मनाई आहे. वाजवी नियोजनाला सूट आहे. ती सूट इथे लागू नाही हे दाखवायलाच पहाटे तीनचे आकडे कामाला येणार.

अमेरिकेतल्या २००७ च्या प्रकरणाचीही आठवण झाली. रॉब टोपोल्स्की नावाचा एक माणूस चौघांनी मिळून गायच्या जुन्या गाण्यांची हक्कमुक्त ध्वनिमुद्रणं बिटटोरेंटवर (लोकांनी एकमेकांना थेट फाइली वाटायची सोय) वाटत होता. ती कोणाकडे पोचत नाहीत म्हणून त्याने पॅकेटं तपासली. कॉमकास्ट मधेच ‘जोडणी तोडा’ असं सांगणारी बनावट पॅकेटं घुसवत होती. एपी या वृत्तसंस्थेने स्वतः चाचण्या करून ऑक्टोबरमध्ये ते खरं असल्याचं छापलं. कंपनी आधी नाहीच म्हणत होती. आपल्या घरातली पॅकेटं धरून बसलेल्या एका माणसाने ते बाहेर काढलं.

रविवार, २ नोव्हेंबर

पत्र एक पानी केलं. एक आलेख, एक तक्ता, चाचणी कशी केली त्याच्या सहा ओळी, आणि एक प्रश्न: ‘ही मर्यादा माझ्या प्लॅनच्या कोणत्या अटीनुसार आहे?’ आरोप एकही नाही. प्लॅनच्या अटी मी तीनदा वाचल्यात, व्हिडिओबद्दल चकार शब्द नाही. ‘गळचेपी’ पुन्हा एकदा आलं होतं, काढलं. सगळे आकडे जोडपत्रात.

बुधवार, ५ नोव्हेंबर

वैयक्तिक तक्रार ट्राय घेत नाही. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद, तिथे समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे. नोंदीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

“मॅडम, फोन रीस्टार्ट करून पाहिला का?”

केला. मग नेटवर्क सेटिंग पुसून बघायला सांगितलं. तेही केलं. तिसऱ्या फोनला तांत्रिक विभागातला मुलगा आला, चांगला होता बिचारा. “कुठली साइट हळू चालतेय?” “माझीच.” “म्हणजे?” “म्हणजे साइट माझी आहे, नाव त्यांचं घालते.” पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही ते मेलवर पाठवा.” एकूण एक तास पन्नास मिनिटं, आणि एक क्रमांक.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

उत्तर आलं. दोन ओळी. ‘आपल्या क्रमांकावर आवश्यक ती सुधारणा करण्यात आली आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ माझ्या प्रश्नाला उत्तर नाही.

लगेच तीन फेऱ्या घेतल्या. व्हिडिओचं नाव: ३३, ३५, ३१. कडा गायब. व्हिडिओ लावला, अडकला नाही. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण माझ्या ‘क्रमांकावर’ म्हणजे काय? टोपी त्यांच्याकडे होती आणि ती एकेका क्रमांकावरून काढता येते, एवढं त्यांनी स्वतःच लिहून दिलंय.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आत्याकडे गेले. कंपनी तीच, प्लॅन तोच. तिचा फोन यूएसबीने जोडला.

“अगं, मला तर ठीकच दिसतं,” ती म्हणाली. “थोडं अंधुक असतं, पण माझा चष्माच जुना झालाय ना.”

तीन फेऱ्या. व्हिडिओचं नाव: ४.०, ४.१, ४.०. निरर्थक नाव: २७, २९, २६.

आलेख तिला दाखवला. कड्यावर बोट ठेवून तिने विचारलं, “हे इथं काय झालं?” समजावून सांगितलं. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाली, “म्हणजे चष्मा नाही बदलायचा?”

रविवार, १६ नोव्हेंबर

माझ्या तक्रारीवर अपील केलं. मुद्दा एकच, सुधारणा एका क्रमांकावर केली, अट कोणती ते सांगितलं नाही. आत्याचे आकडे जोडले, तिच्या परवानगीने. चाचणीची स्क्रिप्ट नीट करून ठेवली आहे, नावं आणि आयपी बदलले की कोणालाही चालवता येईल. आत्तापर्यंतचा हिशेब: सुमारे ७० तास, ४६ जीबी, एक केबल, एक माफीपत्र.

आत्याच्या नावाची वेगळी तक्रार तिच्याच फोनवरून नोंदवायची होती. तिने स्पीकर लावला, सांगायचं ते व्यवस्थित सांगितलं, आकडेसुद्धा वाचून दाखवले. पलीकडच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं.

“मॅडम, फोन एकदा रीस्टार्ट करून पाहिला का?”